टाक शोधायची कॉइल

आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी रोज सकाळी गाणं वाजवत येते. तिला आम्ही ओला कचरा देतो, सुका देतो, फाटक्या चपलासुद्धा देतो, पण निर्माल्य देत नाही. देवावरची फुलं कांद्याच्या सालांवर कशी टाकायची? म्हणून परसात एक खड्डा आहे. रोज पूजा झाली की सासरे उतरवलेली फुलं परडीत घेऊन जातात, खड्ड्यात टाकतात आणि वर मूठभर माती लोटतात. मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हापासून हेच बघतेय.

सासऱ्यांना मी बाबा म्हणते. नव्वदीला टेकलेत. काचबिंदूनं नजर इतकी गेलीय, की समोरचा माणूस बोलल्याशिवाय त्यांना कोण ते कळत नाही. पण पूजा त्यांचीच. हाताला सगळं पाठ आहे, ताम्हन कुठे, गंधाची वाटी कुठे, कुठल्या टाकावर बोट फिरवलं की सिंह लागतो आणि कुठल्यावर घोडा. घोडा लागला की तो खंडोबा. बोटाच्या दोन पेरांएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेला देव, तोही पिढ्यान्‌पिढ्यांच्या आंघोळींनी गुळगुळीत झालेला. घराण्यातला कुणी पूर्वज फौजेबरोबर दख्खनेतून ग्वाल्हेरला आला, तो हा टाक कमरेला बांधून, असं बाबा सांगतात. खरं-खोटं त्या खंडोबालाच माहीत. मला एवढं माहीत आहे, की ह्या घरात बाहेरचा सगळा कारभार हिंदीत चालतो आणि देवघरात मराठीच बोललं जातं.

कार्तिकात एका सकाळी पूजा चालू असतानाच फोन आला. इंदूरचे एक चुलत भाऊबंद गेले. म्हणजे सुतक. सुतकात देवाला हात लावायचा नाही, म्हणून बाबा अर्ध्या पूजेतनं उठले. हाताला लागले तेवढे देव घाईघाईनं देव्हाऱ्यात ठेवले, ताम्हनातली फुलं परडीत पालथी केली आणि परडी खड्ड्यात रिकामी केली. मग दहा दिवस देवघराचं दार बंद.

आता आमच्या ह्यांचं सांगते. रिटायर झाल्यापासून ह्यांना बगीच्याचं वेड लागलंय. सुतकात कुठे जायचं नाही, कुणाकडे यायचं नाही, नुसतं बसून राहायचं, हे ह्यांना कुठलं जमायला? पूजा बंद आहे, खड्ड्यात नवीन काही पडणार नाही, चांगला मोका आहे, असं म्हणत ह्यांनी अख्खा खड्डा उपसला. वरची सुकी फुलं आणि खालचं काळं खत एकत्र कालवलं आणि सगळ्या वाफ्यांत, सगळ्या कुंड्यांत घातलं. वर मला बोलावून दाखवलं, की बघ कसा सोन्यासारखा माल आहे.

सुतक फिटलं. बाबा न्हाऊन सोवळं नेसून देवापुढे बसले. ताम्हनात देव घेताना त्यांचा हात थांबला, पुन्हा देव्हाऱ्यात गेला, पुन्हा थांबला. मग त्यांनी मला हाक मारली. म्हणाले, "सूनबाई, जरा बघ ग, खंडोबा कुठे दिसतोय का." 

देव्हारा काढून पाहिला, पाट उचलून पाहिले, समईच्या बुडाखालीसुद्धा पाहिलं. मग मीच ओळखलं, टाक फुलांबरोबर खड्ड्यात गेला, आणि ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला. परडी आपल्या हातानं पालथी केली होती, हे त्यांनाही आठवलं असणार.

आमच्याकडे देव पारोसे असताना घरातला कर्ता जेवत नाही. देवांची आंघोळ झाली, नैवेद्य दाखवला, की मग पानं. बाबांचं म्हणणं सरळ होतं, एक देव बाहेर मातीत पारोसा पडलाय तर मी कसा जेवू? चहा घ्यायचे, दूध घ्यायचे, फार मागे लागलं तर एखादं केळं. पोळीला, भाताला हात लावेनात. ह्या वयाला असं किती दिवस निभणार? बसल्या जागी त्यांची मान कलायला लागली. डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की काही करा आणि बाबांच्या पोटात अन्न जाऊ द्या.

हे म्हणाले, "बाबा, बाड्याच्या बाजारातल्या सोनाराकडनं नवा टाक करून आणतो." बाबा म्हणाले, "नवा टाक जुन्याला भेटवून घेतात. जुनाच नाही, तर भेटवू कुणाला?" आम्ही खुरपी घेऊन वाफे उकरायला लागलो. पण परसभर पसरलेल्या काळ्या मातीत काळा पडलेला चांदीचा तुकडा काय दिसतोय? पुन्हा उकरलेलं कुठलं आणि न उकरलेलं कुठलं ह्यावरून आमची दोघांची भांडणं. तिसऱ्या भांडणात मी खुरपी फेकली आणि म्हटलं, बस झालं, आता मशीन बनवते.

मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवत असे. मुलांकडून मेटल डिटेक्टर करून घेतलेत, स्वतःसाठी कधी केला नव्हता. सर्किट मला जड नाही. खरी मेहनत कॉइलची, कारण ऐकायचं काम तीच करते. तिचे वेढे सैल राहिले, कमी-जास्त झाले, तर बाकी मशीन कितीही चांगलं असो, ते बहिरं. टोपी बाजाराच्या पलीकडच्या गल्लीत एक मोटर वाइंडिंगवाला आहे, त्याच्याकडून तांब्याची वार्निश चढवलेली तार आणली. त्यानं विचारलं, "मैडम, पंखा है कि मोटर?" मी म्हटलं, "भगवान." त्या बिचाऱ्यानं तार तोलून दिली.

तार गुंडाळायला गोल काहीतरी हवं. मी साखरेचा स्टीलचा डबा घेतला आणि अंगणात उन्हात बसले. तार अशी ओढून गुंडाळली, की वेढे एकमेकांना बिलगून बसले. दिसायला छान, पण कॉइल डब्यावरून निघेना. मी ओढते, हे ओढतात, डबा मधे. शेवटी तार कापावी लागली आणि सगळी मेहनत पाण्यात. दुसऱ्यांदा मी डब्याला आधी जाड कागदाच्या पट्ट्या उभ्या लावल्या. वेढे घालून झाले की पट्ट्या एकेक करून ओढून काढायच्या, म्हणजे कॉइल सैल होऊन अलगद निघते. हे मी पोरांना वर्षानुवर्षं सांगत आले, आणि स्वतः करताना विसरले.

पण वेढ्यांचा हिशेब राहीना. तीसेक वेढे घालायचे असतात. मी मधे पोचले, की ह्यांचं सुरू, अग, चहा टाकू का, अग, ही तार नंतर बाबांच्या रेडिओला चालेल का. मला असा गुस्सा आला. म्हटलं, "अहो, दिमाग नका खाऊ माझं." तेव्हा खुर्चीत उन्हाला बसलेले बाबा म्हणाले, "मी मोजतो. माझी माळ आण."

मी जपमाळ आणून दिली. मी एक वेढा पुरा केला की 'हां' म्हणायची, बाबा 'जय मल्हार' म्हणून एक मणी ओढायचे. मी 'हां', ते 'जय मल्हार'. घाई नाही, चूक नाही. पोटात अन्न नसलेला माणूस, मान कललेली, पण बोटं काही थांबली नाहीत. मला मधेच रडू आलं. तार सैल पडू नये म्हणून डोळे खांद्याला पुसले आणि पुढचा वेढा घातला. हे पाहून आमचे हेसुद्धा गप्प बसले, हे विशेष.

कॉइल सुताच्या दोऱ्यानं ठिकठिकाणी बांधली, वर टेप गुंडाळला. टोकांवरचं वार्निश ब्लेडनं खरवडलं, नाहीतर सोल्डर धरत नाही. पोळ्यांच्या प्लॅस्टिकच्या डब्याचं मोठं झाकण घेऊन त्यावर ती चिकटवली आणि दांडा म्हणून पाइप लावला. कुठे एक खिळा नाही, स्क्रू नाही. मग बाबांकडे देवीचा टाक मागितला, पारख करायला. त्यांनी तो देव्हाऱ्यातनं काढून दिला. टॉवेलाच्या चार घड्यांखाली ठेवला, वरून झाकण फिरवलं. मशीन कुईंकुईं ओरडलं. बाबांची मान वर झाली. "हे ऐकू येतंय मला," ते म्हणाले.

इथे मला वन्संबद्दल सांगायला हवं. वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची मोठी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला. मग माहेरी आल्या, शाळेत नोकरी केली, रिटायर झाल्या, वरच्या खोलीत राहतात. जीभ अशी, की भाजीवालासुद्धा त्यांच्याशी हुज्जत घालत नाही. पण हळदीकुंकू असलं की त्या पेपर घेऊन वर जातात. चंपाषष्ठीला तळी भरली, की बाबा सगळ्यांच्या कपाळाला भंडारा लावतात. वन्संची पाळी आली की त्या ताटलीत आपणच बोट बुडवतात आणि हळद गळ्याला लावून बाजूला होतात. त्यांना असं करा म्हणून कुणी सांगितलेलं मी ऐकलेलं नाही. करू नका, असंही कुणी म्हटलेलं नाही.

तर दुसऱ्या सकाळी मी मशीन घेऊन परसात उतरले. बाबांची खुर्ची मागच्या दारात आणून ठेवली, वन्सं पायरीवर चहा घेऊन बसल्या. पहिल्याच वाफ्यात कुईं. उकरलं, काही नाही. पुढे सरकले, पुन्हा कुईं. उकरलं, बाटलीचं पत्र्याचं बूच. मग कुईं, काही नाही. कुईं, काही नाही. झाकण जवळ ओढलं की ओरडे, लांब नेलं की गप्प. दुसऱ्या बाजूनं उभी राहिले, तर मघाशी गप्प असलेली माती आता ओरडे. कॉइलच बिघडली म्हणून मी जोड पुन्हा पाहिले, बॅटरी बदलली. वाफ्याची चाळण झाली. ह्यांची पालकाची भाजी गेली. बाबा प्रत्येक आवाजाला पुढे वाकायचे आणि मी 'नाही' म्हटलं की मागे टेकायचे. ते बघवेना.

वन्सं चहाचा घोट घेऊन म्हणाल्या, "वहिनी, ते तुझ्या पायाला बोंबलतंय."

मी खाली बघितलं. जोडवी. चांदीची, दोन्ही पायांत, लग्नापासूनची. बांगड्या मी आठवणीनं काढून ठेवल्या होत्या, घड्याळ काढलं होतं, मंगळसूत्रसुद्धा पदराआड वर खोचलं होतं. जोडवी मात्र मला दिसलीच नाहीत. इतकी वर्षं आहेत, की ती पायाचीच बोटं वाटतात. चांदी शोधायला चांदी घालून निघाले होते. इतकी मुलं शिकवली, आणि माझं हे डोकं.

दांडा लांब करून पाहिला, तर झाकण लोंबायला लागलं आणि एका उंचीवर ठरेना. ह्यांच्या हातात द्यावं, तर ह्यांच्या नडगीत स्कूटरच्या अपघातापासून स्टीलची पट्टी आहे. हे जवळ आले तरी मशीन ठणाणा करतं. मग राहिलं काय? मी पायरीवर बसले आणि ह्यांना म्हटलं, "तेलाची वाटी आणा. काढतेच जोडवी."

"नाही," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, "बाबा, घटकाभराचा प्रश्न आहे. पुन्हा घालते ना."

"नाही म्हणतो ना." इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "ह्या घरात एकदा उतरवलेली पाहिलीत मी. तेव्हा डोळे चांगले होते माझे. पुन्हा नको. राहू दे देव मातीत. मी जेवतो. आण, वाढ मला."

जेवतो म्हणाले, हेच तर हवं होतं आम्हाला. पण असं नको होतं. पोटच्या लेकीच्या आठवणीनं हरलेला माणूस ताटावर बसवायचा, तो घास त्यांच्या घशाखाली कसा गेला असता? 

वन्संनी कप खाली ठेवला. हातातली एकुलती एक पाटली काढून पायरीवर ठेवली, तिच्या शेजारी घड्याळ. चपला काढल्या. उठून माझ्या हातातला दांडा घेतला.

"आण इकडे," त्या म्हणाल्या. "माझ्या पायात काही नाही."

बाबांनी मान त्यांच्या आवाजाकडे वळवली.

मी वन्संना दाखवलं, झाकण जमिनीला घासायचं नाही, उचलायचं नाही, एका उंचीवर आणि हळू. त्या म्हणाल्या, "कळलं ग, पोळ्यांचं झाकण आहे, विमान नाही." पण हात नुसता सरळ. मशीन गप्प होतं. पहिल्यांदाच खरोखर गप्प. थंडीत त्या ओल्या मातीत अनवाणी पुढे सरकत होत्या. गुलाबाच्या वाफ्यात एक खिळा निघाला. मिरच्यांत काही नाही. मोगऱ्याच्या कुंडीत निरांजनाची तुटकी दांडी. मग धुण्याच्या दगडाजवळ अळूचं बेट आहे, पानं थंडीनं पिवळी पडली होती, तिथे मशीन कुईं करून ओरडलं. वन्संनी झाकण उचललं, पुन्हा आणलं. पुन्हा तिथेच.

मी खुरपी घेऊन धावले, पण त्या आधीच गुडघ्यांवर बसल्या होत्या आणि हातानं माती उकरत होत्या. अळूच्या मुळाशी एक वाळकं झेंडूचं फूल, आणि त्याला चिकटलेला टाक. काळा पडला होता. वन्संनी अंगठ्यानं माती पुसली. घोडा दिसला. त्यांनी तो चटकन माझ्यापुढे धरला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "घे, तू दे त्यांना."

मी हात मागे घेतले. मला राग आला होता, कुणाचा ते सांगता येणार नाही. म्हटलं, "मी का देऊ? तुम्ही काढलात."

"कोणाच्या हातात आहे?" बाबांनी दारातनं विचारलं.

"माझ्या, बाबा," वन्सं म्हणाल्या.

"मग तूच आंघोळ घाल त्याला."

"बाबा, मी पूजेला कधी... आणि माझी अजून आंघोळ झाली नाहीये."

"करून ये. इतके दिवस थांबलाय, अजून घटकाभर थांबेल."

त्या न्हाऊन आल्या आणि पाटावर बसल्या. बाबा शेजारी. ते सांगत गेले आणि त्या करत गेल्या. आधी चिंच लावून घासला, मग दूध, मग पाणी, मग स्वच्छ पुसून विड्याच्या पानावर. चिंचेनं चांदी उजळली. बाबांनी एकदा बोट फिरवून घोडा पाहिला आणि टाक परत त्यांच्या तळहातावर ठेवला. मी दारातच उभी होते आणि हे माझ्या मागे नाक ओढत होते.

मग बाबांनी भंडाऱ्याची वाटी चाचपून घेतली. वन्संनी सवयीनं पदर सारला आणि गळा पुढे केला, स्वतःचं बोट वाटीत घालायला हात उचलला. बाबांनी तो हात धरून खाली ठेवला. स्वतःचा अंगठा हळदीत बुडवला आणि लेकीचा चेहरा चाचपत हात वर नेला. हनुवटी, मग नाक. कपाळाला लावायला गेले, ते दिसेना, डाव्या भुवईच्या जरा वर लागला.

"इथे लावायचा असतो," बाबा म्हणाले. "मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

वन्सं, भाजीवाल्याला गप्प करणाऱ्या आमच्या वन्सं, पाटावर बसून लहान मुलीसारख्या रडल्या. बाबा त्यांच्या डोक्यावर हात ठेवून बसले. मग मला म्हणाले, "सूनबाई, पानं घे. भूक लागलीय."

दोन पोळ्या जेवले, भात मागून घेतला. अळूची भाजी कर म्हणाले संध्याकाळी. वन्सं उन्हं उतरल्यावर रोजच्यासारख्या फूलबागेकडे फिरायला निघाल्या. दारात आरसा आहे, जाताना त्या नेहमी त्यात बघून जातात. त्या दिवशीही बघितलं. भुवईवरचा भंडारा तसाच होता, आणि त्या तशाच गेल्या.